मी आले, काटेराव म्हणाला

माणसाचं नाव आईबाप ठेवतात आणि गल्ली ते बदलून टाकते. ह्या माणसाचं गल्लीने केव्हाच 'बघाच' करून टाकलं होतं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर धूळ इतकी, की खुर्चीवर चढून फडकं मारल्याशिवाय ते कळलं नसतं आणि तेवढी कुणाला पडली नव्हती. मुलं त्याला बघाचकाका म्हणायची, बायको चिडली की 'अहो बघाच' म्हणायची आणि तो दोघांनाही ओ द्यायचा.

दुकान सीडीचं. हो, अजूनही. एका बाजूला चष्मेवाला, दुसऱ्या बाजूला किल्ल्या करून देणारा आणि मध्ये हा, घरी बसून बघायच्या सिनेमांच्या डिस्क विकणारा. सगळं जग फोनमध्ये जाऊन बसल्यावर ह्याचं दुकान चालतं कसं, हे कोडं चष्मेवाल्याला काही सुटत नव्हतं. खरं तर उत्तर सोपं होतं. फोनमध्ये हजारो सिनेमे असतात आणि त्यातला कुठला बघायचा हे ठरवता ठरवता ताटातलं जेवण गार होतं. बघाच ते ठरवून द्यायचा. माणूस दारात आला की तो आधी त्याचा चेहरा बघायचा, मग चपला आणि मग त्याला पायरीवर बसवून त्याच्या हातात एक डिस्क ठेवायचा. ती बहुतेक वेळा बरोबर निघायची आणि चुकली तर तो ऐकून घ्यायचा नाही.

प्रत्येक डिस्कच्या पेटीवर त्याच्या हातची एक चिठ्ठी असे. त्या चिठ्ठ्यांचं व्याकरण गल्लीला पाठ होतं. सगळ्यात वरचा मान 'बघाच'. तो 'च' तो इतक्या जपून वापरायचा, की जणू घरातला शेवटचा असावा. त्याखाली नुसतं 'बघा'. मग 'बघा की', म्हणजे वेळ असेल आणि पाठीला उशी असेल तर. मग 'बघितलात तरी चालेल'. आणि अगदी तळाला 'बघा बुवा'. ह्या 'बुवा'त त्याचे दोन-तीन वाया गेलेले तास, डोकेदुखी आणि मनुष्यजातीबद्दलची निराशा एवढं सगळं मावायचं. 'बघू नका' असं मात्र त्याने कधीही लिहिलं नाही. कुणीतरी मेहनत केलेली असते, असं त्याचं म्हणणं. आणि दुसरा नियम असा, की शेवटची नावं संपेपर्यंत बघितल्याशिवाय चिठ्ठी लावायची नाही. त्या नावांतला हातगाडी ओढणारा आणि केस विंचरणाराही वाचायचा. पुढे ह्या दोन्ही नियमांची वाट लागली, पण ते नंतर सांगतो.

सुपरहिरोंसाठी त्याचं वेगळंच कोर्ट चालायचं. इमारती उचलणं, सूर्याला वळसा घालून येणं, असल्या गोष्टींचं त्याला कवतिक नव्हतं. त्याचे प्रश्न साधे होते. हा घरी सांगून निघतो का? त्याचे ते घट्ट कपडे धुतं कोण, वाळत कुठे घालतात? पडलेल्या इमारतीतले लोक त्या रात्री कुणाकडे झोपले? एका सिनेमात शहर वाचवून झाल्यावर हिरो परत येतो आणि जिच्या खिडकीची काच फोडली त्या म्हातारीची माफी मागतो, त्याला 'बघाच' मिळालं होतं. तीन तास नुसते स्फोट असलेल्या दुसऱ्या एका सिनेमाला 'बघा बुवा, आवाज बंद करून' असा शेरा होता. कुठली आवृत्ती घ्यावी हेही तो सांगे. 'जुनीच घ्या,' एका पेटीवर लिहिलं होतं, 'नव्या डिस्कमध्ये चित्र इतकं धुऊन काढलंय, की हिरो ज्या तारेला लटकलाय ती तार दिसते.'

कार्टून आलं की मात्र ह्या न्यायाधीशाच्या डोळ्यांवरची पट्टी सुटायची. लहानपणी बघितलेलं कुठलंही कार्टून असो, 'बघा'च्या खाली तो उतरायचाच नाही. आणि एका कार्टूनची 'बघाच' चिठ्ठी तर त्याने डिस्क बाजारात यायच्या कितीतरी वर्षं आधी लिहून गल्ल्याच्या खणात ठेवली होती. ते कार्टून म्हणजे काटेराव.

काटेराव म्हणजे एक साळिंदर. पाठीला टॉवेलचा झगा बांधून लोकांना संकटातून सोडवणारं. झग्याला दर भागात नवी भोकं पडायची, कारण खाली काटे. त्याची मैत्रीण एक गोगलगाय, जी मदतीला धावायची आणि सगळं आटोपल्यावर पोचायची. कार्टून परदेशी होतं, पण मराठीत बोलायचं आणि मराठीत काटेरावाचा आवाज होता बघाचच्या ताईचा.

ताई त्याच्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी मोठी, म्हणजे बहीण थोडी आणि आई जास्त. आई कामाच्या पाळीवर, वडील फिरतीवर, त्यामुळे हे शेंडेफळ सदानकदा ताईच्या मागे. ती कॉलेजात गेली तरी मागे, मैत्रिणींकडे गेली तरी मागे आणि काटेरावाचा आवाज द्यायला स्टुडिओत गेली तरी मागे. तिथे बाहेरच्या बोळात एका स्टुलावर बसायचं, बिस्किटं खायची आणि दारावरचा लाल दिवा लागला की शिंकायचंसुद्धा नाही, असा करार होता.

आता त्या प्रसिद्ध चुकीकडे येऊ. एका भागात गोगलगाय घड्याळाच्या मनोऱ्यावर, मोठ्या काट्याला लटकलेली असते. खालून काटेराव तिला ओरडून सांगतो, 'मी आलो!' निदान कागदावर तसं होतं. पण टीव्हीवर सगळ्या गावाने ऐकलं ते असं: 'मी आले!' मूळ भाषेतल्या क्रियापदाला बाई-पुरुष कळत नसेल, मराठीतल्याला कळतं. मिशा फुटलेला, 'राव' लावणारा काटेराव एकदम बाईमाणूस होऊन मनोऱ्यावर चढला.

कार्टूनवाल्या कंपनीचे साहेब भडकले. रेकॉर्डिंग करणाऱ्याला बोलावून विचारलं, तुझे कान कुठे होते? त्या गृहस्थाने नोकरी वाचवायला जी कोलांटी मारली ती ऐकण्यासारखी आहे. तो म्हणाला, "आदरार्थी आहे साहेब. काटेराव आले, असं म्हणतातच की आपण." साहेब म्हणाले, "दुसरे म्हणतात. स्वतःला कोण म्हणतं?" त्याची नोकरी राहिली, ताईची गेली. पुढचे भाग दुसऱ्या कुणाला दिले आणि तेही थोड्याच दिवसांत बंद पडले.

मुलांना मात्र त्या दोन शब्दांनी वेड लावलं. शाळेच्या मैदानात कुणी कुणाला हाक मारली की उत्तर ठरलेलं, 'मी आले!' आणि मग वाद, की काटेराव मुलगा की मुलगी. एकदा हा वाद हातघाईवर आल्यावर बघाचने मध्ये उभं राहून जाहीर केलं, "काटेराव माझी ताई आहे." खोटं बोलतो म्हणून बाईंनी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. खरं बोलल्याची शिक्षा त्याला आयुष्यात अशी एकदाच झाली, आणि तिचा त्याला अजूनही अभिमान होता.

गल्लीने ताईचं नाव तेव्हापासून 'आलं' ठेवलं. वाण्याकडे गेली की तो विचारायचा, "आज आल्याला आलं हवं का?" ती हसायची. चूक कशी झाली असं कुणी विचारलं की म्हणायची, "दमले होते." पुन्हा माइकसमोर ती उभी राहिली नाही. आवाज होताच, तो घेऊन ती हॉस्पिटलच्या टेलिफोनवर लागली आणि सगळी नोकरी 'थांबा हं, जोडून देते' म्हणण्यात गेली. ज्या आवाजाने गोगलगायी सोडवल्या, तो आता नातेवाइकांना क्ष-किरण विभागात सोडू लागला.

बघाचने टीव्हीवरून काटेराव एका कॅसेटवर उतरवून घेतला होता. खरं म्हणजे त्याचं दुकान त्या एका कॅसेटपासून सुरू झालं. ती त्याने इतक्यांना दिली, की शेवटी तिला बुरशी लागली आणि ताईचा आवाज त्या बुरशीखाली गेला. कंपनीकडची मूळ टेपही कुठल्याशा गोदामात अशीच संपली म्हणे. म्हणजे ताईने काटेरावाचा आवाज दिला होता ह्याला आता पुरावा एकच, ताई स्वतः. आणि हॉस्पिटलात ती ते सांगायची, तेव्हा लोक मान डोलवायचे आणि गालात हसायचे.

ह्या वर्षी ताई निवृत्त होणार होती. आणि नेमकी ह्याच वर्षी बातमी आली, की काटेराव डिस्कवर येतोय, स्वच्छ चित्र, सगळे भाग, मराठीसकट. म्हणजे ती मूळ टेप कुठेतरी सापडली असणार, असं दोघांनी धरलं. कँटीनमध्ये ताईने ते सांगितलं, आणि मेट्रनबाई, ज्यांचा गेली कित्येक वर्षं ह्या कथेवर विश्वास नव्हता, चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "मग निरोपाच्या दिवशी लावूच. सगळ्यांसमोर. ऐकू द्या एकदा तुमचा तो काटेराव." ताई तशीच संध्याकाळी बघाचच्या दुकानात आली. एरवी ती येऊन मूठभर शेंगदाणे खाऊन जायची, आज बसलीसुद्धा नाही.

"पहिली डिस्क माझी," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला दिलीस तर बघ."

"पहिली तुझीच," बघाच म्हणाला, आणि खण उघडून ती जुनी 'बघाच' चिठ्ठी तिला दाखवली. ताईने ती हातात घेतली, परत दिली आणि पदराने चष्मा पुसत निघून गेली.

खोकं आलं तेव्हा बघाच दुकानात एकटाच होता. पेटी देखणी होती. काटेराव झगा उडवत उभा, मागे मनोरा. चिठ्ठी चिकटवायला त्याने पेटी उलटी केली आणि मागच्या बारीक अक्षरांत वाचलं: 'संपूर्णपणे नव्या मराठी आवाजात.'

त्याने डिस्क लावली. काटेराव पडद्यावर आला आणि एखाद्या बँकेच्या मॅनेजरसारख्या भरदार आवाजात म्हणाला, 'नमस्कार मित्रांनो!' बघाचने गाणं संपायच्या आत टीव्ही बंद केला. म्हणजे शेवटपर्यंत बघायचा नियम मोडला. मग त्याने एक कोरी चिठ्ठी घेतली आणि इतक्या दाबून लिहिलं, की पेनाचं टोक आत गेलं: 'बघू नका.' उरलेला नियमही गेला. अशा चिठ्ठ्या त्याने सगळ्या पेट्यांवर लावल्या, पेट्या सगळ्यात खालच्या फळीवर ढकलल्या, आणि ताईला फोन करून सांगितलं, "अजून आली नाही गं. उशीर होतोय."

आता ज्याला गल्लीचा स्वभाव माहीत आहे, त्याला पुढचं सांगायला नको. ज्या माणसाने रद्दीतल्या रद्दी सिनेमालाही कधी 'बघू नका' म्हटलं नाही, तो आज म्हणतोय. असं आहे तरी काय त्यात? किल्लीवाल्याने एक नेली. त्याने शेजाऱ्याला सांगितलं, तो पळत आला. लहानपणी काटेराव बघितलेले, आता टक्कल पडलेले बाप्ये संध्याकाळी येऊन हळूच विचारू लागले, "ती आहे का, बघू नका वाली?" बघाचने जन्मभर शिफारशी केल्या, पण अशी शिफारस त्याला कधी जमली नव्हती. आठवडा संपायच्या आत खालची फळी रिकामी झाली आणि एक पेटी तेवढी त्याने गल्ल्याखाली लपवून ठेवली.

रात्री जेवताना बायकोने विचारलं, "ताईंना कधी सांगणार?"

"निरोप झाल्यावर."

"म्हणजे निरोपाला त्या मेट्रनबाईसमोर उभ्या राहणार आणि हातात काय असणार, शेंगदाणे?"

बघाचने भात कालवला आणि पुन्हा कालवला. त्याच्या मनात एकच होतं. सगळी नोकरी भिंतीमागे बसून काढलेली ही बाई शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर खोटी ठरणार, आणि ते त्याच्या दुकानातल्या डिस्कमुळे. डिस्क मिळालीच नाही असं म्हटलं तर निदान हसून वेळ मारून नेता येईल. बायको म्हणाली, "तुमच्या त्या सुपरहिरोंना विचारता ना, घरी सांगून निघतो का? तुम्ही तरी सांगता का?" बघाचने ताक मागितलं.

फुटायचं ते चष्मेवाल्याकडून फुटलं. ताई नवा चष्मा करायला आली होती. निरोपाच्या फोटोत जुन्याची तुटकी काडी दिसायला नको म्हणून. चष्मेवाला तिला लहान लहान अक्षरं वाचायला लावता लावता म्हणाला, "ताई, काटेराव घेतला मी पण. आमच्या घरी मुलांनी तीनदा बघितला." ताई वाचायची थांबली नाही, शेवटची ओळ वाचून पूर्ण केली. मग खुर्चीवरून उतरून, डोळ्यांवर नंबर तपासायची ती लोखंडी चौकट तशीच ठेवून, शेजारच्या दुकानात गेली.

"आला म्हणे," ती म्हणाली.

बघाचने तिच्याकडे बघितलं. त्या चौकटीतून तिचे डोळे एवढे मोठे दिसत होते. "आला," तो म्हणाला.

"मला नाही सांगितलंस."

"तुझा नाही आहे गं तो." मग त्याने सगळं सांगितलं, नव्या आवाजाचं, चिठ्ठ्यांचं, खालच्या फळीचं. सांगताना त्याचा आवाज चढत गेला. "कोण कुठला बाप्या आहे, कर्ज मंजूर केल्यासारखा बोलतो. मला बघवलं नाही. तूही बघू नकोस."

"तू शेवटपर्यंत बघितलास?"

बघाच फडक्याने गल्ला पुसू लागला.

"बघितल्याशिवाय चिठ्ठी लावलीस," ताई म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. "लाव."

त्याने गल्ल्याखालची पेटी काढली आणि लावली. ताईच्या डोळ्यांवरची आपली चौकट परत न्यायला चष्मेवाला आला होता, तो दारातच टेकला. किल्लीवालाही हातातलं काम घेऊन आला. चित्र खरंच सुरेख झालं होतं, झग्याचं भोकन् भोक दिसत होतं. ताई हाताची घडी घालून बघत होती, परीक्षकासारखी. मॅनेजर आवाजाचा काटेराव म्हणाला, 'मी आलो,' 'मी गेलो,' 'मी थकलो.' सगळं अगदी शुद्ध. बघाचला ते एकेक 'लो' टोचत होतं. मनोऱ्याचा भाग आला तसं त्याला वाटलं, बंद करावं. त्याने रिमोट उचललाही होता.

गोगलगाय काट्याला लटकली. काटेरावाने वर बघितलं. चष्मेवाल्याने आणि किल्लीवाल्याने, दोघांनी एकमेकांकडे न बघता श्वास घेतला. आणि पडद्यावरचा तो भरदार, मिशाळ, कर्ज मंजूर करणारा आवाज गरजला:

'मी आले!'

दारातले दोन बाप्ये त्याच क्षणी तेच म्हणाले. म्हणून झाल्यावर किल्लीवाला ओशाळून कानस घासू लागला. "तेवढं ठेवलंय त्यांनी," चष्मेवाला म्हणाला. "नसतं ठेवलं तर लोकांनी दगड मारले असते."

बघाचने ते मागे घेऊन पुन्हा लावलं. पुन्हा 'मी आले'. पुढच्याच वाक्यात पुन्हा 'घाबरू नकोस, मी पोचलो'. चुकून झालेलं नव्हतं. कुणीतरी त्या मोठ्या माणसाच्या कागदावर मुद्दाम तसं लिहून दिलं होतं आणि त्याने ते मान ठेवून, छाती भरून म्हटलं होतं. बघाचने रिमोट खाली ठेवला. त्याने ताईकडे बघितलं, तिला रडू येत असेल म्हणून. ताईच्या कपाळाला आठ्या होत्या.

"चुकलं त्याचं," ती म्हणाली.

"चूक तर तुझीच आहे. त्याने नुसती म्हटली."

"चूक माझी आहे म्हणूनच कळतंय ना. अशी नसते करायची ती. हा वर बघून म्हणतोय, गोगलगायीला. मी दाराकडे बघून म्हटलं होतं."

"दारात कोण होतं?"

"तू."

बघाचला काही कळेना. ताईने ती लोखंडी चौकट डोळ्यांवरून काढून चष्मेवाल्याच्या हातात दिली. "स्टुलावरून उठून तू दाराच्या काचेशी आला होतास. एका पायावर उभा, मग दुसऱ्या. लागली होती तुला. आत लाल दिवा, समोर माइक, पडद्यावर काटेराव तोंड उघडतोय आणि काचेत तुझं ते तोंड. आता तुझी पँट बघू की व्याकरण बघू? तुलाच म्हटलं, थांब, मी आले. 'थांब' हळू म्हटलं, तेवढं काटेरावाच्या ओठांत बसलं नाही, ते त्यांनी कापलं. उरलेलं बरोबर ओठाला ओठ जुळलं."

चष्मेवाला खाली बघून चौकटीची काडी उघडझाप करत होता. बघाचला ती काच आठवली. काचेमागे ताई, कानांवर मोठे हेडफोन, तिचे ओठ हललेले. काय म्हणाली ते त्याला कळलं नव्हतं, आणि पुढे जे झालं ते त्याच्या पँटला आठवत असेल.

"मला ऐकूच आलं नाही," तो म्हणाला.

"काच जाड होती. सगळ्या गावाने ऐकलं, तूच तेवढा राहिलास."

"आणि इतकी वर्षं 'दमले होते' म्हणत राहिलीस? तुझं काम गेलं माझ्यापायी."

"म्हणून तर नाही सांगितलं. लगेच घेऊन बसला असतास उराशी." ताईने दुकानावर नजर फिरवली, छतापर्यंत रचलेल्या डिस्कांवर, बुरशी लागूनही न टाकलेल्या कॅसेटवर. "आधीच काय कमी घेऊन बसलायस? उठ आता, तेवढी शेंगदाण्यांची पुडी दे."

काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, ते काही उगीच नाही. ज्या 'आले'ची हकिकत तो गिऱ्हाइकांना इतकी वर्षं रंगवून सांगत होता, ते 'आले' त्याच्यासाठीच होतं. शेंगदाणे देताना पुडी त्याच्या हातातून सांडली आणि ताईने त्यालाच ती वेचायला लावली. ती गेल्यावर त्याने पेटीवरची 'बघू नका' चिठ्ठी नखाने खरवडली. खणातली जुनी 'बघाच' काढली, हातात धरली आणि परत ठेवली. मग नवीन लिहिली: 'बघा. मनोऱ्यापाशी ऐकाच.'

निरोपाच्या दिवशी हॉस्पिटलच्या सभागृहात मेट्रनबाई पहिल्या ओळीत बसल्या होत्या. मॅनेजरचा आवाज सुरू झाला तशी मागे कुजबुज झाली आणि मेट्रनबाईंच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांचं समाधान पसरलं. ताई शांत बसून होती. बघाच दाराशी उभा, तो मात्र घामाघूम. मनोरा आला. 'मी आले!' झालं आणि सभागृहातली अर्धी माणसं, डॉक्टर, आया, रखवालदार, त्याबरोबर म्हणून गेली. हशा ओसरल्यावर मेट्रनबाई वळून म्हणाल्या, "पण ताई, आवाज तर तुमचा नाही."

"आवाज त्यांचा आहे," ताई म्हणाली. "चूक माझी."

मोठेपणा कुणीही चोरून सांगेल, चूक कोण चोरणार? मेट्रनबाई उठल्या, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ताईचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "म्हणजे ते तुम्ही होय. आमच्या घरी अजून तसंच म्हणतात." मग सगळ्यांना ते ताईच्या तोंडून ऐकायचं होतं. ताईने ठाम नकार दिला. असं मागून म्हणता येत नाही म्हणाली.

संध्याकाळी बघाच भेटवस्तू, हार, नारळ आणि एक अवाढव्य भिंतीवरचं घड्याळ एवढं सगळं कवेत घेऊन टेलिफोनच्या खोलीशी गेला. ताई पर्स आणायला म्हणून आत गेली होती, आणि नेमका फोन वाजल्यामुळे हेडफोन लावून पुन्हा खुर्चीत बसली होती. बघाच दाराच्या काचेबाहेर उभा राहिला. घड्याळ जड होतं, त्याने भार एका पायावरून दुसऱ्यावर घेतला.

ताईने मान वर केली. काचेतून तिने त्याला एका पायावर उभा असलेला बघितलं, आणि एक बोट वर केलं. आवाज बाहेर आला नाही. पण आज तिचे ओठ काय म्हणाले ते त्याला स्पष्ट कळलं, आणि तो थांबला.